पुढचा प्रशिक्षक कोण?

आंतरशालेय फुटबॉल स्पर्धेत आमच्या शाळेचा संघ यंदा लागोपाठ तीन सामने हरला. तिसऱ्या पराभवानंतर परत येताना बसमध्ये जो वाद माजला, त्याचा विषय वाचकांस सहज ओळखता येईल. आघाडीचे खेळाडू, गोलरक्षक, ओले मैदान, पंचांची शिट्टी या साऱ्यांना दोष देऊन झाल्यावर बोलणे अखेर एका प्रश्नावर येऊन ठेपले : आता संघाला नवे प्रशिक्षक कोण मिळावेत? एकाने शाळेच्या एका माजी कर्णधाराचे नाव सुचविले, दुसऱ्याने शेजारच्या शाळेला चषक मिळवून देणाऱ्या गृहस्थांचे. बोलण्याच्या भरात आमचे खेळशिक्षक पुढच्याच बाकावर बसले आहेत, याचा आम्हांस विसर पडला होता. त्यांनी मागे वळून शांतपणे एवढेच विचारले, “मुलांनो, नवे सर आले, तर सोमवारी सकाळी मैदानावर ते काय वेगळे करतील, ते सांगा पाहू.”

कोणालाही उत्तर देता आले नाही. पुढचा सारा प्रवास आम्ही खिडकीबाहेर पाहत काढला. परंतु तो प्रश्न मात्र मनातून गेला नाही. ज्या वादात आम्ही पाच-सहा मुले रंगलो होतो, त्याच वादात जगभरचे लक्षावधी फुटबॉलप्रेमी वर्षानुवर्षे रंगलेले असतात. आपला संघ हरू लागला, की प्रशिक्षक बदलावा काय आणि बदलल्यास कोणास आणावे, यावर चहाच्या टपरीपासून वृत्तपत्रांपर्यंत सर्वत्र चर्चा चालते. या चर्चेत खरे किती आणि नुसता संताप किती, याचा थोडा विचार या लेखात करण्याचे आम्ही योजिले आहे.

प्रथम हे ध्यानी घेतले पाहिजे, की व्यावसायिक फुटबॉलमध्ये पराभवाची किंमत आमच्या स्पर्धेतल्यापेक्षा फार मोठी असते. इंग्लंडच्या सर्वोच्च श्रेणीत, म्हणजे प्रीमियर लीगमध्ये, २० संघ खेळतात. प्रत्येक संघ दुसऱ्या प्रत्येक संघाशी एकदा आपल्या आणि एकदा त्याच्या मैदानावर असे एकंदर ३८ सामने खेळतो. विजयास ३ गुण, बरोबरीस १ आणि पराभवास शून्य असा हिशेब असतो. मोसमाच्या अखेरीस तळाचे तीन संघ खालच्या श्रेणीत उतरतात. खाली उतरणे म्हणजे केवळ नामुष्की नव्हे. दूरचित्रवाणीकडून मिळणारे उत्पन्न एकदम घटते, चांगले खेळाडू विकावे लागतात आणि कचेरीत काम करणाऱ्या सामान्य नोकरवर्गाच्या पोटावरही पाय येतो. म्हणूनच संघ तळाकडे घसरू लागला, की सर्वांची नजर एकाच माणसावर खिळते. त्यास इंग्लंडात ‘मॅनेजर’ म्हणण्याची रीत आहे. अकरा जण निवडणे, खेळाचा डाव आखणे, सराव घेणे आणि जुन्या पद्धतीप्रमाणे खेळाडूंची खरेदी-विक्री ठरविणे, ही सारी कामे त्याच्याकडे असत. पंचवीस खेळाडू एकदम बदलता येत नाहीत, मालक तर बदलतच नाही. राहता राहिला प्रशिक्षक.

या वादाचे सर्वांत बोलके उदाहरण मँचेस्टर युनायटेड या संघाच्या इतिहासात सापडते. १९५८ च्या म्यूनिक येथील विमान अपघातात या संघाचे आठ खेळाडू दगावले. मॅट बझ्बी यांनी त्यातून संघ पुन्हा उभा केला आणि १९६७ मध्ये लीगचे विजेतेपद व १९६८ मध्ये युरोपियन चषक मिळविला. बझ्बी निवृत्त झाल्यानंतर मात्र संघास उतरती कळा लागली. १९७४ मध्ये तो खालच्या श्रेणीत गेला, लवकरच परतला, परंतु लीगचे विजेतेपद काही हाती लागेना. १९८६ च्या नोव्हेंबरात संघ २२ संघांत २१ व्या स्थानी असताना तत्कालीन प्रशिक्षक रॉन अॅट्किन्सन यांना दूर करण्यात आले आणि स्कॉटलंडच्या अॅबर्डीन संघाला यशाच्या शिखरावर नेणारे अॅलेक्स फर्ग्युसन यांची नेमणूक झाली.

आज फर्ग्युसन यांचे नाव घेताच लोक आदराने मान लववतात. त्या काळी मात्र स्थिती निराळी होती. त्यांच्या पहिल्या मोसमाअखेर संघ ११ वा आला, दुसऱ्यात एकदम दुसरा आला, तिसऱ्यात पुन्हा ११ वा. चौथ्या मोसमात, १९८९ च्या सप्टेंबरात, त्याच शहरातील मँचेस्टर सिटी या प्रतिस्पर्धी संघाने ५-१ असा दणदणीत पराभव केला. त्या वर्षीच्या डिसेंबरात तर युनायटेडला लीगचा एकही सामना जिंकता आला नाही. त्याच महिन्यात ओल्ड ट्रॅफर्ड या त्यांच्या स्वतःच्या मैदानावर एका प्रेक्षकाने फलक उंचावला. तीन वर्षे सबबी ऐकल्या, खेळ मात्र होता तसाच वाईट राहिला, आता आपला रामराम घ्यावा, अशा अर्थाचा मजकूर त्यावर होता. हा फलक पुढे फार प्रसिद्ध झाला. तो उंचावणारा माणूस संघाचा वैरी नव्हता. थंडीवाऱ्यात पदरमोड करून सामन्याला येणारा निष्ठावंत चाहता होता. गुणतक्त्यात जे दिसत होते, तेच त्याने फलकावर लिहिले होते.

परंतु गुणतक्त्यात जे दिसत नव्हते, ते काय होते? फर्ग्युसन यांनी येताच मुलांच्या शोधासाठी गावोगाव हिंडणाऱ्या निरीक्षकांची संख्या वाढविली होती. खेळाडूंमध्ये बोकाळलेल्या मद्यपानाविरुद्ध त्यांनी कडक धोरण धरले होते आणि त्यापायी काही लोकप्रिय खेळाडूंस निरोप देण्याची नाराजीही पत्करली होती. १९८७ मध्ये रायन गिग्ज नावाच्या १४ वर्षांच्या मुलाला संघात ओढण्यासाठी ते स्वतः त्याच्या घरी गेले होते. हा मुलगा तोवर मँचेस्टर सिटीच्या शिबिरात सराव करीत असे. पुढे डेव्हिड बेकहॅम, पॉल स्कोल्स, गॅरी नेव्हिल ही मुलेही याच वाटेने वर आली. १९८९ च्या त्या डिसेंबरात ती सारी शाळकरी वयाची होती. फलक धरणाऱ्या चाहत्यास ती दिसणे शक्यच नव्हते, कारण ती शनिवारी मोठ्या मैदानावर खेळत नव्हती.

१९९० च्या ७ जानेवारीला एफ. ए. चषकाच्या तिसऱ्या फेरीत युनायटेडची गाठ नॉटिंगहॅम फॉरेस्टशी पडली. हा सामना हरल्यास फर्ग्युसन यांची गच्छंती ठरलेली, असे सर्वजण बोलत होते. मार्क रॉबिन्स या तरुण खेळाडूच्या गोलाने युनायटेडने तो १-० असा जिंकला. संघ अंतिम फेरीत पोहोचला. क्रिस्टल पॅलेसविरुद्धचा तो सामना ३-३ असा बरोबरीत सुटला आणि पाच दिवसांनी झालेल्या फेरसामन्यात १-० असा विजय मिळाला. १९९३ मध्ये २६ वर्षांच्या प्रतीक्षेनंतर लीगचे विजेतेपद परत आले. २०१३ मध्ये फर्ग्युसन निवृत्त झाले, तेव्हा त्यांच्या नावावर १३ लीग विजेतेपदे आणि एकंदर ३८ चषक जमा होते.

येथपर्यंत वाचून कोणी म्हणेल, की तात्पर्य उघड आहे : धीर धरावा, प्रशिक्षक बदलू नये. आम्हांसही प्रथम तसेच वाटले होते. पण एवढ्यावर थांबणे प्रामाणिकपणाचे होणार नाही, कारण उलट बाजूचे दाखलेही तितकेच सबळ आहेत. चेल्सी या लंडनच्या संघाने २०२१ च्या जानेवारीत फ्रँक लॅम्पार्ड यांना काढले. लॅम्पार्ड हे त्या संघाचे एके काळचे थोर खेळाडू आणि प्रेक्षकांचे लाडके. कित्येक चाहत्यांना हा निर्णय रुचला नाही. त्यांच्या जागी जर्मनीचे थॉमस टूखेल आले. त्यांनी बचावाची मांडणी बदलली, मागे तीन मध्यरक्षक उभे केले आणि चार महिन्यांत, २९ मे रोजी, त्याच संघाने पोर्तुगालमधील पोर्तो येथे मँचेस्टर सिटीला १-० असे नमवून चॅम्पियन्स लीग जिंकली. खेळाडू तेच होते. मैदानावरची त्यांची मांडणी निराळी होती. आमच्या सरांच्या प्रश्नास टूखेल यांच्यापाशी उत्तर होते, असे म्हणावयास हरकत नाही.

लेस्टर सिटीची हकीकत याहून गुंतागुंतीची आहे. २०१६ मध्ये इटलीचे क्लॉडिओ रानिएरी यांच्या हाताखाली या लहानशा संघाने प्रीमियर लीग जिंकून जगास चकित केले. मोसमाच्या आरंभी सट्टेवाल्यांनी त्यांच्या विजयाला ५००० ला १ असा भाव लावला होता, यावरून त्या पराक्रमाची कल्पना यावी. परंतु अवघ्या नऊ महिन्यांत, २०१७ च्या फेब्रुवारीत, संघ तळाच्या तीन स्थानांच्या जेमतेम वर असताना रानिएरी यांना बडतर्फ करण्यात आले. फुटबॉलजगत हळहळले, केवढा हा कृतघ्नपणा, असे ज्याच्या त्याच्या तोंडी झाले. त्यांचेच सहायक क्रेग शेक्सपिअर यांनी सूत्रे हाती घेतली आणि संघाने लीगचे पुढचे पाच सामने ओळीने जिंकले. मोसमाअखेर लेस्टर १२ वा आला. मग काढणाऱ्यांचे बरोबर होते काय? उत्तर देण्याची घाई करू नये. कारण त्याच शेक्सपिअर यांनाही त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात काढून टाकण्यात आले.

नवा माणूस येताच संघ जिंकू लागतो आणि काही दिवसांनी पूर्ववत होतो, असे वारंवार का घडते? यामागे गणिताचा एक साधा नियम आहे आणि तो आमच्या परीक्षेच्या उदाहरणाने चांगला समजतो. समजा, एका विद्यार्थ्यास गणितात नेहमी ६० च्या आसपास गुण मिळतात. एका चाचणीत त्यास ३५ मिळाले. कदाचित त्याला ताप आला असेल, कदाचित न वाचलेल्या प्रकरणावरच प्रश्न आले असतील. पुढच्या चाचणीत त्यास ३५ हून अधिक गुण मिळण्याचाच संभव जास्त. मग मध्यंतरी त्याची शिकवणी बदललेली असो वा नसो. मात्र शिकवणी बदलली असेल, तर घरातील सर्वजण म्हणतील, “पाहा, नव्या मास्तरांचा गुण!” असामान्य वाईट कामगिरीनंतर बहुधा सामान्य कामगिरी येते, एवढाच याचा अर्थ. फुटबॉलमध्ये तर गोल थोडे पडतात, त्यामुळे दैवाचा वाटा मोठा. चेंडू खांबाला लागून आत जातो की बाहेर, यावर सामन्याचा निकाल फिरतो. प्रशिक्षकास काढतात, ते नेमके संघ सर्वांत खाली गेल्यावर. आणि तेथून वर येण्याचाच संभव अधिक असतो.

बास तेर वेल या डच अर्थशास्त्रज्ञाने या गोष्टीची पद्धतशीर पाहणी केली. १९८६ ते २००४ या काळातील नेदरलँड्सच्या सर्वोच्च श्रेणीतील संघांचे निकाल त्यांनी तपासले आणि २०११ मध्ये आपला निबंध प्रसिद्ध केला. त्यांनी केवळ प्रशिक्षक बदललेल्या संघांकडे पाहिले नाही. ज्या संघांची तशीच घसरण झाली होती, परंतु ज्यांनी प्रशिक्षक बदलला नाही, असे संघही त्यांनी तुलनेसाठी घेतले. निष्कर्ष असा निघाला, की बदल करणारे संघ सावरले खरे, पण न बदलणारेही सावरले. बदलामुळे काही विशेष लाभ झाल्याचे दिसून आले नाही. विज्ञानाच्या तासाला प्रयोगात तुलनेसाठी दुसरी परीक्षानळी का ठेवतात, हे आम्हांस येथे नव्याने उमगले. टूखेल यांच्यासारख्याचे यश याने खोटे ठरत नाही. परंतु असा एक दाखला पाहून प्रत्येक बदलास औषध समजणे चुकीचे, एवढे मात्र ठरते.

आता नावांकडे वळू. चाहत्यांच्या चर्चेत सुचविली जाणारी नावे बारकाईने पाहिली, तर ती तीन-चार प्रकारांतच मोडतात, असे दिसून येईल. पहिला प्रकार घरच्या माणसाचा. संघाचा जुना खेळाडू आणावा, त्यास या मातीची माया आहे, असे म्हणणारे पुष्कळ असतात. दुसरा प्रकार मोठ्या नावाचा. ज्याने इतरत्र ढीगभर चषक जिंकले, तो येथेही जिंकेल, असा हा हिशेब. तिसरा प्रकार उगवत्या ताऱ्याचा. लहान संघात वा लहान देशात ज्याने चमक दाखविली, त्यास संधी द्यावी, असे तरुण चाहत्यांना वाटते. चौथा प्रकार हंगामी माणसाचा. तात्पुरता नेमलेला मनुष्य चार सामने जिंकला, की त्यालाच कायम करा, अशी हाक उठते.

फर्ग्युसन यांच्यानंतर मँचेस्टर युनायटेडने हे सर्व प्रकार करून पाहिले, हे येथे मुद्दाम सांगितले पाहिजे. २०१३ पासून २०२४ पर्यंत या संघाने सहा कायम प्रशिक्षक नेमले. पहिले डेव्हिड मॉइज. खुद्द फर्ग्युसन यांनीच त्यांची शिफारस केली होती. त्यांना सहा वर्षांचा करार मिळाला आणि हाच तो निवडलेला पुरुष, अशा अर्थाचा मोठा फलक चाहत्यांनी मैदानात लावला. २०१४ च्या मार्चमध्ये काही असंतुष्ट चाहत्यांनी विमान भाड्याने घेऊन मॉइज यांना हाकला, असा मजकूर मैदानावरून फिरविला. गंमत अशी, की खाली बसलेल्या प्रेक्षकांतील पुष्कळांनी त्या विमानाचीच हुर्यो उडविली आणि संघाने तो सामना ४-१ असा जिंकला. तथापि एप्रिलमध्ये, दहा महिनेही पुरते होण्यापूर्वी, मॉइज यांना जावे लागले. त्यानंतर मोठी नावे आली. लुई व्हान खाल यांनी २०१६ मध्ये एफ. ए. चषक जिंकला आणि दोनच दिवसांनी त्यांना नारळ मिळाला. झोजे मोरिन्यो यांनी २०१७ मध्ये दोन चषक जिंकले, पुढच्या मोसमात संघ लीगमध्ये दुसरा आणला आणि २०१८ च्या डिसेंबरात तेही गेले.

मग घरचा माणूस आला. १९९९ च्या युरोपियन अंतिम सामन्यात अखेरच्या क्षणी विजयी गोल करणारे नॉर्वेचे उले गुन्नार सोल्शायर यांची हंगामी नेमणूक झाली. त्यांनी पहिल्या १९ सामन्यांपैकी १४ जिंकले. चाहते आनंदाने नाचू लागले आणि माजी खेळाडूंनीही त्यांनाच कायम करावे, असा आग्रह धरला. २०१९ च्या २८ मार्चला ते कायम झाले. मोसमाचे लीग सामने तेव्हा आठ उरले होते. त्यांपैकी दोनच जिंकता आले. सोल्शायर अडीच वर्षांहून अधिक काळ टिकले. परंतु चषक एकही मिळाला नाही. पुढे अॅजॅक्सचे एरिक टेन हाग आणि लिस्बनचे रूबेन अमोरिम हे उगवते तारे आले. टेन हाग यांनी दोन चषक जिंकले. अमोरिम यांच्या पहिल्याच मोसमाअखेर, २०२५ मध्ये, संघ २० संघांत १५ वा होता.

घरचा, थोर, तरुण, हंगामी, सारे होऊन गेले. आणि चर्चेतला प्रश्न तोच राहिला : पुढचा कोण? आमच्या मते येथेच या वादाचे मर्म आहे. एकामागून एक इतकी निरनिराळ्या स्वभावांची माणसे एकाच जागी अडखळत असतील, तर त्या जागेतच काही दोष नाही ना, हे पाहावयास नको काय? खेळाडू कोणी निवडले? एक प्रशिक्षक उंच आणि दणकट खेळाडू मागतो, त्याच्यामागून येणाऱ्यास चपळ आणि बुटके हवे असतात. अशाने संघात निम्मे एकाच्या पसंतीचे आणि निम्मे दुसऱ्याच्या पसंतीचे असा मेळ नसलेला जमाव उरतो. शिवाय पुष्कळ मोठ्या संघांत खरेदी-विक्रीचा अधिकार अलीकडे संचालकांच्या हाती गेला आहे. स्वयंपाक्याने न आणलेल्या भाजीबद्दल बोलणी मात्र स्वयंपाक्यानेच खावीत, तसा हा प्रकार होतो.

प्रशिक्षकाखेरीज अन्य कारणे किती बलवत्तर असू शकतात, याचा दाखला पाहण्यास आम्हां हैदराबादकरांना दूर जावयास नको. २०२२ च्या २० मार्चला गोव्यात फातोर्डा येथे हैदराबाद एफ. सी. या आपल्या शहराच्या संघाने केरळ ब्लास्टर्सला पेनल्टींवर हरवून इंडियन सुपर लीग जिंकली, तेव्हा स्पेनचे मानोलो मार्केझ प्रशिक्षक होते. पुढच्या मोसमात संघ दुसरा आला. २०२३-२४ च्या मोसमात मात्र तो सर्वांत तळाशी गेला. २२ सामन्यांत एकच विजय! कोणी म्हणेल, मार्केझ गेले म्हणून हे झाले. परंतु क्लब आर्थिक अडचणीत सापडला होता, वेतन थकले होते, नामवंत खेळाडू एकेक करून निघून गेले होते. उरलेल्या कोवळ्या पोरांना घेऊन मैदानात उतरणाऱ्या प्रशिक्षकाच्या जागी प्रत्यक्ष फर्ग्युसन असते, तरी काय करते? २०२५ मध्ये तर तो संघ दिल्लीस हलला. ‘प्रशिक्षक बदला’ ही घोषणा अशा वेळी किती अपुरी असते, हे सांगणे न लगे.

याच शहराने भारतास त्याचा सर्वांत थोर फुटबॉल प्रशिक्षक दिला, हेही येथे स्मरले पाहिजे. सय्यद अब्दुल रहीम हे पेशाने शाळाशिक्षक. १९५० पासून त्यांनी हैदराबाद सिटी पोलिसांच्या संघास तयार केले आणि त्या संघाने मुंबईचा रोव्हर्स चषक १९५० ते १९५४ असा सलग पाच वेळा जिंकला. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये मात्र रहीमसाहेबांच्या भारतीय संघाला युगोस्लाव्हियाने १०-१ असे धुऊन काढले. आपले बहुतेक खेळाडू थंडीत अनवाणी खेळत होते. एवढ्या मोठ्या पराभवानंतर प्रशिक्षकास कायमचे घरी बसविणे किती सोपे होते! परंतु १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकला पुन्हा रहीमसाहेबच संघासोबत होते. या वेळी पायांत बूट होते आणि डावाची आखणी नवी होती. यजमान ऑस्ट्रेलियाचा ४-२ असा पराभव झाला, त्यात नेव्हिल डिसूझा यांनी तीन गोल केले आणि भारत चौथा आला. १९६२ मध्ये जकार्ता येथील आशियाई स्पर्धेत पहिलाच सामना दक्षिण कोरियाकडून ०-२ असा गमावला. त्याच दक्षिण कोरियाला अंतिम सामन्यात २-१ असे हरवून भारताने सुवर्णपदक पटकाविले. रहीमसाहेब तेव्हा कर्करोगाने ग्रासलेले होते. पुढच्याच वर्षी जून महिन्यात त्यांचे निधन झाले.

मग चाहत्यांनी तोंड मिटून बसावे काय? मुळीच नाही. संघ चालतो तो त्यांच्या पैशांवर आणि त्यांच्या प्रेमावर. जर्मनीत बहुतेक क्लबांचा मताधिकार निम्म्याहून अधिक सभासदांच्या हाती राहावा, असा नियमच आहे. स्पेनमधील बार्सेलोना आणि रेआल माद्रिद हे क्लबही सभासदांच्या मालकीचे असून त्यांचे अध्यक्ष मतदानाने निवडले जातात. जेथे असा अधिकार नाही, तेथे फलक आणि घोषणा हीच चाहत्यांची मतपत्रिका होय. आमचे म्हणणे एवढेच, की मत देण्यापूर्वी काही प्रश्न विचारावेत. घसरण चार सामन्यांची आहे की चार वर्षांची? संघ संधी निर्माण करीत आहे आणि गोल तेवढे हुकत आहेत, की मुळात संधीच मिळत नाहीत? जायबंदी किती आहेत? खेळाडू कोणी निवडले? खालच्या वयोगटांत काही घडते आहे काय? आणि अखेरचा प्रश्न आमच्या सरांचा : नवा मनुष्य सोमवारी सकाळी काय वेगळे करील? त्याचे नेमके उत्तर असेल, तर बदल अवश्य मागावा. नुसते नाव असेल, तर थोडे थांबावे. कारण ज्यास काढा म्हणून आपण ओरडतो, त्यालाही घर असते, आणि रात्री झोप न येणारा तो पहिला माणूस असतो.

हा लेख लिहिण्याच्या निमित्ताने आम्ही एका सोमवारी सकाळी साडेसहा वाजता शाळेच्या मैदानावर गेलो. आमच्या संघाचा सराव संध्याकाळी असतो, त्यामुळे त्या वेळी तेथे कोणी असेल, अशी आमची कल्पना नव्हती. पाहतो तो सर सहावी-सातवीच्या चौदा मुलांना डाव्या पायाने चेंडू थांबविण्यास शिकवीत होते. शाळा सुरू झाल्यापासून हा क्रम दर सोमवारी चालू आहे, असे त्या मुलांकडून कळले. हे अंक छापखान्यात जाईपर्यंत आमच्या संघाने आणखी दोन सामने खेळले. एक बरोबरीत सुटला आणि एक आम्ही हरलो. बसमध्ये या खेपेसही वाद झाला. मात्र तो पुढचा प्रशिक्षक कोण, याविषयी नव्हता. दुसऱ्या गोलाच्या वेळी आपली डावी बाजू मोकळी कशी राहिली, याविषयी होता. सर या वेळी मागे वळले नाहीत. पण ते ऐकत होते, एवढे आम्हांस ठाऊक आहे.